पावसाच्या गटारातून शिवारात येणारी घाण: तक्रार कुठे, कधी आणि कशी करायची

बळ्ळारी नाल्याचा गाळ काढा, जलपर्णी हटवा, अतिक्रमणे दूर करा, ही निवेदने बेळगावकरांना नवीन नाहीत. शहापूर, वडगाव, जुने बेळगाव, हलगा इथल्या शिवारांत पाणी तुंबले की ती दिली जातात, पेपरात फोटो येतो, आणि पाऊस ओसरला की विषयही ओसरतो. ही निवेदने बहुतेक वेळा पाणी किती आले याची असतात. पाण्यातून काय आले याची क्वचितच.

गाळ काढणे निधीवर आणि मर्जीवर चालते. नाल्यात घाण सोडणे हा मात्र कायद्याचा भंग आहे, आणि तो कुणीतरी, कुठल्यातरी पाइपातून, कुठल्यातरी दिवशी केलेला असतो. ‘नाला घाण झाला’ असे लिहिले तर साहेब मान डोलावतात. ‘या तोंडातून, या दिवशी, इतक्या वाजता, हे पडत होते’ असे लिहिले तर त्यांना जागेवर यावे लागते. हा लेख दुसऱ्या प्रकारच्या तक्रारीसाठी आहे.

कायदा कुठे सापडतो

अमेरिकेत १९८७ च्या दुरुस्तीपासून कारखान्यांना आणि मोठ्या शहरांना पावसाच्या पाण्यासाठी वेगळा परवाना घ्यावा लागतो. आपल्याकडे तसा स्वतंत्र परवाना नाही, म्हणून ‘पावसाच्या पाण्याला कायदाच नाही’ असे सांगून लोकांना परत पाठवले जाते. हे खरे नाही. १९७४ चा जलप्रदूषण प्रतिबंध कायदा काढून पाहा. त्यात ‘प्रवाह’ या शब्दात नदीबरोबर ओढा-नालाही येतो, वाहता असो वा त्या वेळी कोरडा पडलेला. म्हणजे मार्च महिन्यात कोरड्या नाल्यात कुणी ऑईल ओतले, तरी ते कायद्याच्या लेखी प्रवाहातच गेले. कलम २४ प्रमाणे विषारी किंवा प्रदूषक पदार्थ जाणूनबुजून प्रवाहात, विहिरीत, सांडपाण्याच्या गटारात किंवा जमिनीवर जाऊ देणे मना आहे. यात ‘जाऊ देणे’ हेही आले. उघड्यावर ठेवलेला ढीग पावसाने वाहून जाणार हे माहीत असूनही तो तसाच ठेवला, तर ‘मी टाकले नाही, पावसाने नेले’ हे उत्तर लंगडे पडते. कलम २५ प्रमाणे सांडपाणी बाहेर सोडणाऱ्या उद्योगाला मंडळाची संमती लागते. मंडळ म्हणजे कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ. त्याचे प्रादेशिक कार्यालय बेळगावात आहे.

जळके ऑईल आणि रसायनांचे डबे २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतात. गटारात कचरा किंवा बांधकामाचा राडारोडा टाकण्याला वेगळे नियम आहेत आणि ते पाळून घेणे स्थानिक संस्थेचे काम आहे.

शेतातून वाहणारी खते आणि कीटकनाशके मात्र या संमतीच्या चौकटीत येत नाहीत. हे आधीच सांगतो, कारण तक्रार केली की समोरचा हमखास म्हणतो, ‘तुमच्या शेतातूनही औषध येतेच की.’ येते. पण त्यामुळे त्याच्या पाइपाला माफी मिळत नाही.

गटार कुणाचे आहे

बेळगावात एकच पाणी एका किलोमीटरमध्ये तीन-चार मालक बदलते. शहरातले गटार महापालिकेचे, तिला १९७६ चा महापालिका कायदा लागू. कॅम्प भागात कँटोन्मेंट बोर्ड, २००६ च्या कायद्याखाली. निपाणीसारख्या गावात नगरपालिका, १९६४ चा कायदा. खेड्यात ग्रामपंचायत, आणि तिथे पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी. महामार्गाच्या कडेचे गटार महामार्ग प्राधिकरणाचे. औद्योगिक वसाहतीतले गटार ती वसाहत कुणी उभारली यावर अवलंबून. नाल्याचे पात्र मात्र सरकारचे. कर्नाटक जमीन महसूल कायदा, १९६४, कलम ६७ प्रमाणे नद्या, ओढे, नाले यांची पात्रे राज्याच्या मालकीची आहेत. त्यामुळे पात्रात भराव टाकून शेड उभारले असेल, तर ती तक्रार मंडळाकडे नेऊ नका. ती तहसीलदारांकडे, गावनकाशा आणि उतारा जोडून द्या. दोन्ही विषय एका अर्जात मिसळले की दोन्ही कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवून मोकळी होतात.

एप्रिलमध्ये एकदा चालत जा

पावसाळ्याआधी, आठ-दहा दिवस पाऊस नसताना, आपल्या शिवारापासून नाल्याच्या काठाने वरच्या बाजूला चालत जा. पावसाचे गटार एप्रिलमध्ये वाहत असेल, तर ते पाणी पावसाचे नाही. एवढी साधी कसोटी कुठल्याही प्रयोगशाळेपेक्षा आधी उपयोगी पडते. झरा किंवा फुटलेली नळाची पाइप असू शकते, म्हणून वास आणि रंग पाहा. करडे पाणी आणि कुजका वास असेल तर घरांचे किंवा अपार्टमेंटचे मैलापाणी, यूजीडीला, म्हणजे जमिनीखालच्या मैलागटाराला, जोडण्याऐवजी गटारात सोडलेले. पाण्याला रंग असेल तर रंगकाम. दाट फेस असेल तर साबण किंवा धुण्याचे द्रावण. तळाशी काळी भुरभुरीत वाळू साचली असेल तर फौंड्रीची टाकाऊ वाळू, ही खूण उद्यमबाग-मच्छे भागातल्या लोकांना सांगायला नको. पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला तर काडीने ढवळा. तवंगाचे पापुद्रे फुटून वेगळे राहिले तर तो लोहाच्या जिवाणूंचा, नैसर्गिक. फिरून एकत्र जुळला तर तेल.

जिथे पाइप किंवा गटार नाल्याला मिळते, त्या प्रत्येक तोंडाला क्रमांक द्या आणि जवळची न हलणारी खूण लिहा: पूल, विजेच्या खांबाचा क्रमांक, मंदिराची भिंत. फोटोत ती खूण आणि तोंड दोन्ही यायला हवीत. मोबाइलचे लोकेशन चालू ठेवा. दुसऱ्याच्या आवारात शिरू नका. पात्रातून किंवा रस्त्यावरून जेवढे दिसते तेवढे पुरते.

दुसरी फेरी पहिल्या पावसाची. वळीव असो की मृगाचा, पहिला जोरदार पाऊस चार-सहा महिन्यांची धूळ, तेल आणि राख एकदम उचलतो. पहिल्या अर्ध्या-एक तासातले पाणी सगळ्यात घाण असते. नंतर पाणी वाढते, घाण पातळ होते आणि दुसऱ्या दिवशी साहेब येतात तेव्हा सगळे तपकिरी एकसारखे दिसते. म्हणून एप्रिलमध्ये शोधलेल्या तोंडांपैकी दोन-तीनच निवडा आणि पाऊस सुरू होताच काठावरून, सुरक्षित उंचीवरून व्हिडिओ घ्या. वाहत्या नाल्यात उतरणे किंवा विजा चमकत असताना खांबाजवळ उभे राहणे यासाठी कुठलाही पुरावा पुरेसा मोलाचा नाही.

बाटलीत पाणी भरण्याबद्दल

लोक बिसलेरीच्या बाटलीत नाल्याचे पाणी भरून डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला नेतात. फोटो चांगला येतो. न्यायालयात मात्र त्या बाटलीला किंमत नाही. कलम २१ ची पद्धत ठरलेली आहे: मंडळाच्या अधिकाऱ्याने जागेच्या ताबेदाराला नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, ते सीलबंद करून दोघांच्या सह्या घ्यायच्या आणि मग प्रयोगशाळेत पाठवायचे. ताबेदार मुद्दाम हजर राहिला नाही, तरी अधिकारी एकट्याच्या सहीने नमुना घेऊ शकतो. या पद्धतीशिवाय घेतलेल्या नमुन्याचा अहवाल खटल्यात पुरावा म्हणून चालत नाही.

तरीही स्वतःच्या खर्चाने तपासणी करावी का? परवडत असेल तर करा, पण ती अधिकाऱ्याला जागेवर आणण्यासाठी, त्याच्याऐवजी नव्हे. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला आधी फोन करा. बीओडीचा (पाण्यातली कुजणारी घाण किती, याचे माप) नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवावा लागतो. तेल-ग्रीससाठी काचेची बाटली लागते, कारण तेल प्लास्टिकला चिकटते आणि आकडा खोटा कमी येतो.

अहवाल आला की कशाशी ताडायचा? सांडपाणी नदी-नाल्यात सोडायचे तर पर्यावरण नियमांतल्या सर्वसाधारण मर्यादा अशा: पीएच ५.५ ते ९, तरंगते घनपदार्थ दर लिटरला १०० मिलिग्रॅम, बीओडी ३०, सीओडी (रसायनाने मोजलेली घाण) २५०, तेल-ग्रीस १०. सिंचनासाठी जमिनीवर सोडायचे तर घनपदार्थ २०० आणि बीओडी १०० पर्यंत चालतो. एखाद्या उद्योगाला त्याच्या संमतीत याहून कडक अट असू शकते. या मर्यादा सोडलेल्या पाण्याच्या आहेत, नाल्यातल्या पाण्याच्या नव्हेत. म्हणून नमुना तोंडाशीच घ्यायचा; पन्नास मीटर खाली घेतला की दहाजणांचे पाणी मिसळलेले असते आणि कुणावरच बोट ठेवता येत नाही. शेतात शिरलेले पाणी पिकाला चालेल का हे बघायचे असेल, तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा ‘ई’ वर्ग पाहा: पीएच ६ ते ८.५, विद्युतवाहकता (पाण्यातल्या क्षारांचे माप) दर सेंटिमीटरला २२५० मायक्रोम्होपर्यंत.

अर्ज कसा लिहायचा

एका अर्जात एकच तोंड. भाषण नको, ‘तीव्र संताप’ नको. नमुना असा:

‘मा. पर्यावरण अधिकारी, कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ, प्रादेशिक कार्यालय, बेळगाव. विषय: (गावाचे नाव) येथील नाल्यात पाइपाद्वारे तेलकट पाणी सोडल्याबाबत. महोदय, (तारीख) रोजी सकाळी (वेळ) वाजता (खूण) जवळील पाइपातून काळे तेलकट पाणी नाल्यात पडताना मी पाहिले. त्याआधी पाच दिवस पाऊस नव्हता. फोटो व जागेचे अक्षांश-रेखांश जोडले आहेत. खालच्या बाजूस सर्व्हे नंबर (...) मधील भाताच्या शेतात हे पाणी शिरते. जलप्रदूषण कायद्याच्या कलम २४ व २५ नुसार जागेची पाहणी करावी, कलम २१ प्रमाणे नमुना घ्यावा, पाहणीची तारीख मला कळवावी आणि केलेल्या कारवाईची प्रत द्यावी.’

पाइप कोणत्या आवारातून येतो हे डोळ्यांनी पाहिले नसेल तर कारखान्याचे नाव लिहू नका. ‘वरच्या बाजूच्या आवारातून’ एवढेच लिहा, शोधणे त्यांचे काम. अंदाजाने नाव घातले आणि चुकले, तर तक्रारही जाते आणि वर मानहानीची नोटीस येते.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे येणारच. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, म्हणजे मराठी अर्ज नाकारता येत नाही. पण मला विचाराल तर मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडा. हक्काचा लढा लढायचा असेल तर तो वेगळा लढा. इथे आपल्याला पाइप बंद करायचा आहे, आणि टेबलावरच्या कारकुनाला अर्ज वाचता आला नाही तर तो फायलीच्या तळाशी जातो.

अर्जाची पोच घ्या, शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. प्रत महापालिका आयुक्तांना किंवा पीडीओंना द्या आणि प्रतीच्या तळाशी दोघांची नावे ठेवा. राज्याच्या १९०२ या तक्रार क्रमांकावरही नोंद करता येते. तिथला नोंदणी क्रमांक अर्जावर लिहून ठेवा. नगरसेवकाला सांगायला हरकत नाही, पण तोंडी सांगितलेल्याला तारीख नसते.

पाहणीच्या दिवशी स्वतः हजर राहा. अधिकारी कुठल्या तोंडाशी थांबले, नमुना घेतला की नुसते पाहिले, किती वाजता, हे वहीत लिहा. पाणी त्या वेळी स्वच्छ असेल तर वाद घालू नका. ‘पाहणीच्या वेळी प्रवाह नव्हता’ असे पंचनाम्यात लिहून घ्या आणि पुढच्या वेळी पडताना दिसले की त्याच दिवशी दुसरा अर्ज द्या. तीन तारखांचे तीन अर्ज एका जाड फायलीपेक्षा भारी पडतात.

कागद काढून घेणे

महिनाभर हालचाल नसेल तर दोन वाटा आहेत. कलम २५ प्रमाणे मंडळाला संमतीच्या अटींची नोंदवही ठेवावी लागते, आणि त्या पाण्याचा त्रास होणाऱ्या माणसाला आपल्यापुरता भाग कार्यालयीन वेळेत पाहता येतो. ही तरतूद फारसे कुणी वापरत नाही. अर्ज करून वापरा.

दुसरी वाट माहिती अधिकाराची. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द अशी मर्यादा आहे, शुल्क १० रुपये. इथे मात्र मराठीवर अडून बसू नका: माहिती अधिकार कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असे म्हटले आहे. ‘कारवाई का केली नाही?’ असे विचारू नका, ‘का’ला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही. कागद मागा: अमुक उद्योगाच्या चालू संमतीपत्राची प्रत, शेवटच्या पाहणीचा अहवाल, नमुन्याचा तपासणी अहवाल, दिलेल्या नोटिसा. ३० दिवसांत उत्तर आले नाही की पहिले अपील.

संमतीपत्र हातात आले की त्यातल्या अटी वाचा. ‘पावसाचे पाणी आणि सांडपाणी वेगळे ठेवावे’ अशी अट दिसली तर तुमचे निम्मे काम झाले, कारण मग तक्रार कायदाभंगाबरोबर अटभंगाचीही होते.

पुढच्या पायऱ्या

मंडळाकडे कलम ३३-अ चा अधिकार आहे. त्याखाली ते उद्योग बंद करण्याचा किंवा वीज-पाणी तोडण्याचा आदेश देऊ शकते. अर्जात हे कलम लिहून मागणी करा.

मैलापाणी महापालिकेच्याच गटारातून येत असेल तर उद्योगावर बोट ठेवून भागणार नाही. ‘निधी नाही’ हे उत्तर मिळेल. १९८० च्या रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच उत्तर फेटाळले होते: गटारे बांधणे हे कर्तव्य आहे आणि पैसे नाहीत म्हणून ते टळत नाही. तो खटला सार्वजनिक उपद्रवाच्या ज्या कलमावर उभा होता, ते आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ आहे. त्याखाली असिस्टंट कमिशनर, म्हणजे आपण प्रांत म्हणतो ते, उपद्रव दूर करण्याचा आदेश देऊ शकतात. लेंडी नाल्यासारखा प्रश्न, जिथे एक कारखाना नसून सगळी वस्तीच आहे, तिथे ही वाट मंडळापेक्षा बरी. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानेही २०१९ च्या आदेशात मैलापाणी तसेच सोडणाऱ्या नाल्यामागे स्थानिक संस्थेकडून दरमहा ५ लाख रुपये वसूल करण्याचे सांगितले होते. अर्जात त्याचा उल्लेख केला की फाइल थोडी लवकर हलते.

खटला स्वतः दाखल करायचा तर कलम ४९ प्रमाणे मंडळाला ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. तुम्ही खटला भरल्यावर मागणी केली की मंडळाने आपल्याकडचे अहवाल तुम्हाला द्यायचे असतात.

हरित न्यायाधिकरणात जायचे तर मुदत पाळा: वादाचे कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस. नुकसानभरपाईसाठी पाच वर्षे. भरपाई मागायची नसेल तर शुल्क १,००० रुपये, मागायची असेल तर रकमेच्या एक टक्का. कर्नाटकाचे प्रकरण चेन्नईच्या दक्षिण खंडपीठाकडे जाते, पुणे कितीही जवळ असले तरी. ऑनलाइन दाखल करता येते, पण कामकाज इंग्रजीत, त्यामुळे वकील लागतोच.

भरपाईसाठी एक गोष्ट शेतकऱ्यांनी आत्ताच करून ठेवावी. पूर ओसरल्यावर तलाठी पंचनाम्याला येतात आणि कारण म्हणून ‘अतिवृष्टी’ लिहून जातात. शेतात तेलाचा थर, काळी वाळू किंवा मैला साचला असेल तर तो शब्द पंचनाम्यात घालून घ्या, फोटो त्यांच्यासमोर काढा. ‘अतिवृष्टी’ एवढेच लिहिलेल्या कागदावर सरकारी मदत मिळेल तेवढीच. प्रदूषणाची भरपाई त्या कागदावर मागता येत नाही.

पाणी सीमेपलीकडून आले तर

वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी या नद्या कोल्हापूर जिल्ह्यातून निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागात उतरतात. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते आणि ती कृष्णा पुढे आपल्याकडे येते. पहिल्या पुराबरोबर मासे मेलेले दिसले आणि उगम महाराष्ट्रात असेल, तर बेळगावच्या मंडळाचा अधिकार तिथे चालत नाही. अर्ज दोन करा: इथल्या मंडळाला, म्हणजे नमुना सीमेवर घेतला जाईल; आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयाला, तिथे मराठीची अडचणही नाही. दोघांची प्रत केंद्रीय मंडळाला पाठवा, कारण राज्य मंडळांमध्ये समन्वय साधणे आणि त्यांचे वाद मिटवणे हे कलम १६ ने त्याच्याकडे दिले आहे. अशा प्रकरणात वादाचे कारण काही अंशी महाराष्ट्रात घडलेले असल्याने पुण्याच्या खंडपीठाचा विचार करता येतो.

गॅरेज किंवा वर्कशॉप तुमचेच असेल तर

हा लेख वाचणाऱ्यांत शेतकऱ्यांइतकेच उद्यमबागेतलेही असतील. मृगाआधी आठवडाभरात होण्यासारखी कामे फार नाहीत. ऑईलचे डबे छपराखाली, पक्क्या फरशीवर, भोवती विटांचा एक थर घेऊन. भंगार आणि टाकाऊ वाळूवर पत्रा किंवा ताडपत्री. फरशी पाइपने गटारात धुण्याऐवजी भुसा टाकून झाडून काढायची, आणि तो तेलकट भुसाही घातक कचऱ्यातच ठेवायचा. धुण्याची जागा असेल तर तिच्या तोंडाशी तेल अडवणारा खड्डा, आणि तो दर पंधरवड्याला उपसायचा. छपराचे पाणी धुण्याच्या जागेवरून न जाता सरळ बाहेर जाईल अशी पन्हळ. जळके ऑईल ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचे नाही आणि परवानाधारक खरेदीदारालाच द्यायचे, पावती घेऊन. गाड्यांचे सर्व्हिसिंग २०१६ च्या वर्गीकरणात नारिंगी गटात होते, म्हणजे संमती लागणारे. संमती घेतली नसेल तर ती आधी काढा, कारण पाहणीला आलेला अधिकारी पहिला कागद तोच मागतो.